विषाणू नाकात, दुखणं पोटरीत

फ्लूचा विषाणू नाकातोंडातून शिरतो आणि नाक, घसा, श्वासनलिका यांच्या अस्तरातल्या पेशींत वाढतो. आजार बळावला तर तो फुप्फुसांत उतरतो. एरवी बहुतेकांच्या रक्तात तो शोधूनही फारसा सापडत नाही. मांडीच्या, पाठीच्या, पोटरीच्या स्नायूंपर्यंत तर तो पोचलेलाच नसतो. तरीही ताप भरायच्या आधी, कधी कधी पहिली शिंक यायच्याही आधी, माणूस म्हणतो, "अंग मोडून आलंय." पोटऱ्या फुटायला लागतात, कंबर धरते, नुसते डोळे फिरवले तरी बुबुळांमागे दुखतं, अंगावरची गोधडी जड होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकांत लक्षणांची एक ओळ ठरलेली असते: ताप, सर्दी, खोकला, डोकेदुखी, अंगदुखी. अंगदुखी बहुधा शेवटी. मुलं ती ओळ पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. एका पावसाळ्यात निम्मा वर्ग तापाने घरी होता, तेव्हा बरी होऊन आलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, सर्दी नाकाला झाली होती, मग माझे पाय का दुखत होते?" असा प्रश्न वर्षातून एखादाच येतो. तो आला की मी त्या दिवसाचा पाठ बाजूला ठेवते.

तिला मी सांगितलं ते असं. गावाच्या एका टोकाच्या घरात चोर शिरला तरी दवंडी साऱ्या गावात पिटतात, आणि ज्याच्या घरची एक वाटीही हललेली नाही तोसुद्धा काठी घेऊन रात्रभर जागा बसतो. नाकातल्या पेशीत विषाणू शिरला की ती पेशी आणि तिच्या आसपासच्या रोगप्रतिकारक पेशी काही प्रथिनं रक्तात सोडतात. इंटरफेरॉन, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अशी त्यांची नावं. एकत्रितपणे त्यांना सायटोकाइन म्हणतात. विषाणू राहतो नाकात, पण ही प्रथिनं रक्ताबरोबर हिंडतात. मेंदूला, यकृताला, हाडांतल्या मगजाला आणि स्नायूंनाही ती खबर देतात. पोटरी दुखते ती या खबरेने.

हे नुसतं सांगून कोणी विश्वास ठेवू नये. पुरावा काय, असं मुलांनी विचारलं पाहिजे, आणि इथे पुरावा सुंदर आहे. १९५७ साली लंडनच्या मिल हिलमधल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान यांनी फ्लूचाच विषाणू घेतला, उष्णता देऊन तो निकामी केला आणि कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर सोडला. नंतर त्या पापुद्र्यावर जिवंत विषाणू नीट वाढेना. पेशींनी असं काहीतरी बाहेर सोडलं होतं की ज्यामुळे इतर पेशी सावध झाल्या होत्या. त्या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिलं. पुढे हेच इंटरफेरॉन औषध म्हणून वापरात आलं. हिपॅटायटिस सी, हिपॅटायटिस बी आणि काही कर्करोग यांच्यासाठी ते इंजेक्शनने देत असत. इंजेक्शन घेतल्यावर काही तासांत रुग्णाला हुडहुडी भरायची, ताप यायचा आणि सर्वांग ठणकायला लागायचं, थेट फ्लूसारखं. त्या सुईत विषाणूचा अंशही नव्हता. होता तो फक्त निरोप, आणि नुसत्या निरोपाने माणूस अंथरुणाला खिळत होता.

दुसरा पुरावा माणसांना मुद्दाम फ्लू देऊन मिळाला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात फ्लूचा विषाणू सोडला होता आणि रोजच्या रोज नाकातल्या द्रवाची तपासणी केली होती. दुसऱ्या दिवशी इंटरल्युकिन-६ आणि इंटरफेरॉन-अल्फा सर्वाधिक वाढले, आणि ज्यांच्यात ते जास्त वाढले त्यांचा ताप आणि त्रासही जास्त होता.

तिसरा पुरावा आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे. २०२१ साली करोनाची लस आली. महाराष्ट्रात बहुतेकांनी घेतली ती पुण्यात तयार झालेली कोविशील्ड. तिच्यातला विषाणू माणसाच्या शरीरात वाढूच शकत नाही असा बदलून घेतलेला होता. दुपारी दंडावर लस, आणि रात्री अंग फणफणून मांड्या, पाठ, पिंढऱ्या ठणकणं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तरुणांना त्रास जास्त झाला आणि वयस्कांना कमी, कारण तरुण शरीर अशा हाकेला अधिक जोरात ओ देतं. लशीने आजार दिला असं तेव्हा गावोगाव बोललं गेलं. ती भीती मला समजते. पण आजार न येताही आजाराची अंगदुखी येऊ शकते, हे त्या एका रात्री कोट्यवधी माणसांनी अनुभवलं. यापेक्षा मोठा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत मला कधीच दाखवता येणार नाही.

आता स्नायूच्या आत काय होतं ते. स्नायूंमध्ये आणि त्यांच्या आवरणांत अतिशय बारीक मज्जातंतूंची टोकं उघडी पसरलेली असतात. एरवी ती गप्प असतात. मार बसला, ताण फार झाला, रक्त पोचेनासं झालं, तरच ती बोलतात. सायटोकाइनच्या सांगण्यावरून शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो या टोकांची सहनशक्ती खाली आणतो. मग जे दुखायला नको तेही दुखतं. कूस बदलणं, जिना चढणं, खांद्यावर पदर टेकणं. जखम कुठेच नसते, तपासलं तर स्नायू बहुतेक वेळा धडधाकट निघतो. दुखणं मात्र पूर्ण खरं असतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जखम दिसली नाही की दुखणं खोटं ठरवायची सवय आपल्याकडे खोलवर मुरलेली आहे.

हाच प्रोस्टाग्लँडिन ई-२ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला सांगतो की शरीराचं तापमान वाढवा. मग अंग तापलेलं असूनही थंडी वाजते, दात वाजतात, स्नायू आकुंचन पावून थरथरतात आणि उष्णता निर्माण करतात. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च सुमारे १० टक्क्यांनी किंवा त्याहून थोडा अधिक वाढतो. अंथरुणात पडून असलेला माणूस खरं तर काम करत असतो. हुडहुडीचा एक झटका येऊन गेल्यावर दंड आणि मांड्या का गळून जातात हे त्यावरून समजतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. १९८३ साली व्हिकी बराकोस, आल्फ्रेड गोल्डबर्ग, चार्ल्स डिनारेलो आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं की त्या काळी इंटरल्युकिन-१ म्हणून ओळखलेल्या, ताप आणणाऱ्या पदार्थाच्या संगतीत उंदरांचे स्नायू स्वतःची प्रथिनं मोडायला लागतात, आणि त्याच वेळी प्रोस्टाग्लँडिन ई-२ सोडतात. स्नायू हा शरीराचा प्रथिनांचा सगळ्यात मोठा साठा. आजारात भूक मेलेली असते, पोटात पेजेशिवाय काही जात नाही. तेव्हा लढणाऱ्या पेशींना आणि यकृताला लागणारी अमिनो आम्लं स्नायूंतून काढली जातात. मांडीतलं काढून रक्तात घातलं जातं. तापातून उठलेला माणूस चार दिवसांत उतरलेला दिसतो, त्याच्या दंडाचा घेर कमी झालेला दिसतो, तो नुसत्या उपासाने नाही.

आमच्या घरी अंग दुखायला लागलं की पाय चेपून घ्यायची पद्धत. आजोबा पालथे झोपत आणि आम्हा लहान मुलांना म्हणत, "पाय दे गं जरा." मग भिंतीला धरून त्यांच्या पिंढऱ्यांवरून, मांड्यांवरून हळूहळू चालायचं. टाचेने नाही, चवड्याने. ते "हं, तिथंच, तिथंच" म्हणत राहायचे. त्याने खरंच बरं वाटतं, मनाचे खेळ नव्हेत. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की दाबाची, स्पर्शाची जाणीव जाड मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत पोचली की बारीक तंतूंतून येणारी दुखण्याची वर्दी तिथेच काही प्रमाणात अडवली जाते. पुढे त्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गाभा टिकला. चेपण्याने सायटोकाइन कमी होत नाहीत. चेपणारा हात बाजूला झाला की थोड्या वेळाने दुखणं परत येतं, हेही घराघरात ठाऊक आहे. तरीही तापाने तळमळणाऱ्या माणसाला झोप लागेपर्यंतचा तो अर्धा तास मिळतो, आणि तापात झोपेची किंमत मोठी असते.

इथवर मी म्हणत आले की विषाणू स्नायूत जात नाही. काही वेळा तो जातो, किंवा स्नायूला खरी इजा होते, आणि तो फरक ओळखता आला पाहिजे.

लहान मुलांमध्ये एक प्रकार दिसतो. फ्लू, विशेषतः बी प्रकारचा, होऊन ताप उतरत आलेला असतो, मूल हसायला खेळायला लागलेलं असतं, आणि एका सकाळी ते अंथरुणातून उतरायला नकार देतं. दोन्ही पोटऱ्या हात लावू देत नाहीत. चाललंच तर चवड्यांवर, किंवा पाय फाकवून, गुडघे न वाकवता. आईबापांचं काळीज लककन हलतं. पोलिओची आठवण असलेल्या आजीचं तर अधिकच. १९५७ साली स्वीडनमध्ये ओके लुंडबर्ग यांनी अशा मुलांचं वर्णन पहिल्यांदा नीट नोंदवलं. रक्तात क्रिएटिन कायनेज हे स्नायूतलं विकर वाढलेलं सापडतं, म्हणजे इथे स्नायूला प्रत्यक्ष इजा झालेली असते. सुदैवाने साधारण आठवडाभरात मूल आपोआप बरं होऊन पळायला लागतं. मात्र लघवी कोकमाच्या सरबतासारखी किंवा चहासारखी गडद झाली, किंवा पायातलं बळच गेलं, तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं. मोडलेल्या स्नायूंतलं रंगद्रव्य मूत्रपिंडं बंद पाडू शकतं.

आणि चिकुनगुन्या. माझं माहेर बार्शीकडचं. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. वैद्यकीय नोंदींत तिचा उल्लेख आजही होतो, कारण त्यानंतर हा आजार भारतातून जवळजवळ ३२ वर्षं दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला, आंध्र, कर्नाटक आणि आपला मराठवाडा, मालेगाव या बाजूंनी. २००६ मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. पूर्वीच्या साथींत विषाणूचा आशियाई प्रकार होता, या वेळी आलेला आफ्रिकी वंशाचा होता. हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तपासून सांगितलं. पसरवणारा डास मात्र तोच, घरातल्या रांजणात, कूलरमध्ये, छतावरच्या उघड्या टाकीत वाढणारा एडिस.

हा विषाणू फ्लूसारखा एका टोकाला बसून राहत नाही. तो रक्तात मोठ्या संख्येने फिरतो आणि सांध्यांच्या अस्तरात, स्नायूंच्या आसपासच्या ऊतींत शिरतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांना २००७ साली रुग्णांच्या स्नायूंच्या तुकड्यांत तो सापडला, तोही स्नायू नव्याने घडवणाऱ्या उपग्रह पेशींमध्ये. म्हणून हे दुखणं ताप उतरला तरी हटत नाही. माझी मावशी लातूरकडे दिलेली. २००६ च्या पावसाळ्यात तिला चिकुनगुन्या झाला. सकाळी मुठी मिटायच्या नाहीत. काठवटीत पीठ मळायला घेतलं की मनगटातून कळ जायची, भाकरी थापताना बोटं वळायची नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी ती भिंतीचा आधार घेऊन उठायची. त्या वर्षी गल्लीतल्या कितीतरी बायका तशाच वाकून चालत होत्या. पाणी मात्र रोज भरलं जात होतं आणि चुली वेळेवर पेटत होत्या. मावशी म्हणायची, "दुखतंय ते सगळ्यांचंच दुखतंय, सांगायचं कुणाला?"

गोळ्यांबद्दल थोडक्यात. ॲस्पिरिन आणि तिच्या भावंडांचं काम प्रोस्टाग्लँडिन बनू न देण्याचं आहे, हे जॉन वेन यांनी १९७१ साली उलगडलं आणि १९८२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेलचा वाटा मिळाला. गोळीने दुखणं कमी होतं, विषाणू कमी होत नाही. पावसाळ्यात ताप डेंग्यूचा आहे की नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांना हात लावू नये, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत घ्यावी. मुलांना फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन कधीच देऊ नये, त्यातून रेज सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा जीवघेणा विकार होऊ शकतो. प्रतिजैविकांचा विषाणूवर काहीही परिणाम नाही. आणि पुराच्या पाण्यातून, चिखलातून चालल्यानंतर काही दिवसांत ताप येऊन पोटऱ्या दाबवत नसतील, डोळे लाल झाले असतील, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. तो जिवाणूचा आजार आहे आणि त्याला प्रतिजैविकं लागतात, तीही लवकर. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांना हे पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

गुरांना तिवा होतो. शेतकऱ्याघरी वाढलेल्या कुणालाही तो सांगावा लागणार नाही. सकाळपर्यंत चरणारी गाय दुपारी अचानक मान टाकते, रवंथ थांबतो, दूध आटतं, अंग ताठतं. एका पायाने लंगडते, मग दुसऱ्याने. कातडीखाली स्नायू थरथरताना दिसतात. मग ती बसते आणि उठत नाही. हाही विषाणूचाच आजार, चावणाऱ्या कीटकांनी पसरणारा, आणि नावाप्रमाणे बहुतेक जनावरं तीन दिवसांत उठतात. दाह कमी करणारी औषधं दिली की लंगडणं ओसरतं, म्हणजे तिथेही दुखणं बरंचसं शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराचं असतं.

माझ्या वडिलांचा बैल तिव्याने बसला की त्याच्या मानेवर जू ठेवायचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. पेरणीची घाई असली तरी नाही. त्याला सावलीत बांधायचं, खाली मऊ भुसा टाकायचा, पाणी तोंडापाशी न्यायचं, अंगावर पोतं टाकायचं. उठला तरी दोन दिवस औताला धरायचं नाही. याबद्दल घरात कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही. बैल ढोंग करतोय असं कुणी म्हटलं नाही.

१९८८ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्यकाचे प्राध्यापक बेंजामिन हार्ट यांनी नेमकं हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं. आजारी जनावराचं मान टाकणं, न खाणं, एका जागी पडून राहणं म्हणजे आजाराने केलेली पडझड असं तोवर समजलं जाई. हार्ट म्हणाले की ही शरीराची आखलेली चाल आहे. ताप टिकवायला ऊर्जा लागते, म्हणून हालचाल थांबवली जाते. अंगदुखी ही त्या थांबवण्यातली सगळ्यात परिणामकारक गोष्ट आहे असं मला वाटतं. माणूस भूक नसताना जेवू शकतो, थकवा असताना चालू शकतो, पण प्रत्येक पावलाला पोटरी ठणकत असेल तर तो बसतोच. २०२३ साली हार्वर्डमधल्या स्टीफन लिबर्लेस यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत याचा एक धागा शोधला. घशाच्या मागच्या भागात मज्जातंतूंचा एक छोटा गट आहे. फ्लू झाल्यावर वाढलेला प्रोस्टाग्लँडिन ई-२ त्याला जाणवतो आणि तो थेट मेंदूला कळवतो. हा गट काढून टाकलेले उंदीर फ्लू होऊनही अधिक खात, पीत, हिंडत राहिले. म्हणजे 'आता थांब' हे सांगण्यासाठी शरीरात वेगळी तार ओढून ठेवलेली आहे.

मग ही तार वाजल्यावर थांबायची मुभा कुणाला आहे?

१० जून १९१८ रोजी मुंबईतले सात पोलीस शिपाई, त्यांतला एक बंदरावर नेमलेला, तापाने रुग्णालयात दाखल झाले. फ्लूची जागतिक साथ मुंबईत पोचली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या साथीची दुसरी लाट आली, ती भयंकर होती. आपल्याकडे लोकांनी तिला मानमोडी म्हटलं. ६ ऑक्टोबरच्या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. त्या वर्षी पाऊसही रुसला होता, धान्य महागलं होतं. हिंदुस्थानात एकूण मृत्यू एक कोटीच्या वर झाले. मुंबईत युरोपीयांमध्ये हजारी ८ च्या आसपास माणसं दगावली, तर तेव्हा ज्यांना खालच्या जातीचे म्हणत त्या हिंदूंमध्ये हजारी ६१ च्या वर. याला चाळींतली गर्दी, अर्धपोटी शरीरं, औषधपाण्याचा अभाव अशी अनेक कारणं होती. पण आणखी एक नोंद आहे, जिने मी अस्वस्थ झाले. जगात इतरत्र या साथीने तरुण पुरुष अधिक नेले, आपल्याकडे बायका जास्त मेल्या. कारणं शोधणाऱ्यांनी दोन गोष्टींकडे बोट दाखवलं. बायकांच्या पोटात अन्न कमी होतं, आणि स्वतः तापलेल्या असतानाही घरातल्या आजाऱ्यांची उस्तवार त्यांनाच करावी लागत होती.

शंभराहून अधिक वर्षं झाली. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना ताप आला तर त्या फडात जातात, कारण न गेलं तर खाडा धरला जातो आणि उचलीतून पैसे कापले जातात. दुकानातली दुखण्याची गोळी घेऊन पहाटे कोयता हातात घ्यायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. हंगाम थंडीतला, फ्लूचाही एक हंगाम थंडीतच. प्रत्येक मोळीला त्यांच्या मांड्या आणि कंबर काय सांगत असतील, हे वर लिहिलेल्या सगळ्या शास्त्रावरून आता मला कळतं. गोळीने ती तार काही तास गप्प होते. स्नायूंतून प्रथिनं काढली जाणं चालूच असतं, त्यावर फडातल्या कष्टाचा भार पडतो. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात, म्हणून अंगात ताप आणि सर्वांग दुखत असताना जोराचा व्यायाम करू नका असं खेळाडूंना डॉक्टर बजावून सांगतात. ऊस तोडणं हे त्या व्यायामापेक्षा कमी कष्टाचं नाही. मोळीवाल्या बाईला हे बजावून सांगणारं कोणी नाही, आणि सांगितलं तरी तिने खाड्याचे पैसे कुठून द्यायचे हा प्रश्न उरतोच.

घरातही वेगळं नाही. सुशिक्षित, पक्क्या घरांतली गोष्ट सांगते. नवऱ्याला फ्लू झाला की खोलीचं दार लोटून घेतलं जातं, मुलांना हळू बोलायला सांगतात. बायकोला झाला की ती सकाळी पॅरासिटामॉल घेते आणि ओट्यापाशी उभी राहते. तिला कुणी सांगितलेलं नसतं. तिला कुणी अडवलेलंही नसतं.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या दोघींपैकी एक ताई त्या पावसाळ्यात तापातच कामावर आल्या. खिचडीचं मोठं पातेलं उतरवताना त्यांचे हात थरथरत होते. मी घरी जा म्हटलं तर म्हणाल्या, "बाई, मी गेले तर पोरं उपाशी राहतील, आणि माझा दिवस जाईल." दोन्ही खरं होतं. शिवाय त्या खोकत होत्या, म्हणजे त्यांच्या येण्याने मुलांनाही धोका होता. त्या दिवशी त्यांना घरी पाठवून आम्ही शिक्षकांनी आळीपाळीने स्वयंपाक केला, आणि नंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हा विषय मांडला. फ्लूची अंगदुखी म्हणजे काय, ती कुठून येते, हे वर्गात सांगते तसंच फळ्यावर चित्र काढून समितीला सांगितलं. एका पालकांनी तिव्याचं उदाहरण माझ्या आधीच दिलं. बराच वेळ चर्चा झाली, पैशाचा मुद्दा सोपा नव्हता. शेवटी ठराव झाला की गावातल्या बचत गटातल्या दोन बायका बदली म्हणून ठरवून ठेवायच्या, त्यांचे पैसे लोकवर्गणीतून द्यायचे, आणि ताप असलेल्या ताईंचा दिवस कापायचा नाही. ठराव इतिवृत्तात लिहिला आहे. यंदाच्या पावसाळ्यात दोन्ही ताईंना ताप येऊन गेला, आणि दोघीही पूर्ण बऱ्या होऊनच कामावर आल्या.